पंधरा हजार, पण कोणत्या नोटांत?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

घरात रोख रक्कम किती ठेवावी आणि बाहेर पडताना जवळ किती बाळगावी, हा प्रश्न आता जुनाट वाटतो. माझ्या मुलीलाही वाटायचा. ‘आई, फोन असताना पैसे कोण बाळगतं?’ हे मी तिच्या तोंडून कितीदा ऐकले असेल. मी ३४ वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी रोखपालाच्या काउंटरवर, आणि २०१८ साली निवृत्त झाले. फोनने पैसे देण्याला माझा मुळीच विरोध नाही. चिंचपोकळीच्या नाक्यावर बसणाऱ्या भाजीवालीला मीही फोननेच पैसे देते. पण एका शनिवारी आमच्या घरात जे घडले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र.

१२ एप्रिल २०२५. हनुमान जयंतीचा दिवस. मुलगी भांडुपला एका नव्या टॉवरमध्ये राहते. जावई कामासाठी बाहेरगावी गेलेले, परतीच्या गाडीत होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सहा वर्षांच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. सकाळपासून त्याची छाती घरघरत होती आणि वाफेच्या यंत्रात घालायचे औषध संपलेले. त्याला हाताशी धरून मुलगी खाली औषधाच्या दुकानात गेली. औषध आणि नवा मास्क, मिळून ३१८ रुपये. तिने फोन पुढे केला. पडद्यावर चकती फिरत राहिली. पुन्हा केला. या वेळी खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, पण दुकानदाराच्या काउंटरवरचा तो बोलणारा डबा काही बोलला नाही. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळले होते, हे तिला नंतर टीव्हीवरून कळले. २६ मार्चलाही तसेच झाले होते. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधली यंत्रणा यांतली एक कडी जरी निखळली तरी पैसे मध्येच लटकतात. दुकानदाराला केलेले पेमेंट असे अडकले, तर ते परत करायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसांपर्यंत मुदत आहे. दम लागलेल्या पोराला ती मुदत सांगून काय उपयोग?

दुकानातले कार्डाचे यंत्र बिघडलेले. जवळचे पहिले एटीएम बंद, दुसऱ्यातली रोकड संपलेली. दुकानदाराला मी दोष देत नाही; तो नवा, ही नवी, आणि सकाळपासून ‘नंतर देते’ म्हणून कितीतरी जण गेले होते. मुलगी धावत घरी आली आणि तिने नातवाचा मातीचा गल्ला फोडला. एक, दोन, पाच, दहाची नाणी ओढणीत बांधून ती परत खाली गेली आणि दुकानाच्या काचेवर दहा-दहाचे ढीग लावत बसली. धापा टाकत नातूही तिच्याबरोबर मोजत होता. ३१८ भरले, वर २२ उरले. अर्ध्या तासात त्याला वाफ मिळाली आणि तो शांत झाला.

बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्या मनात त्या दिवशी पहिला विचार आला तो तारखेचा. तो दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. पाठोपाठ रविवार. सोमवारी १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेबांची जयंती. सलग तीन दिवस काउंटरवर जाऊन पैसे काढण्याची सोयच नव्हती.

संध्याकाळी मी लोकलने भांडुपला पोचले. जावईही तोवर आले होते. सगळे ऐकून ते उठले, कपाट उघडले आणि लग्नातल्या कोटाच्या आतल्या खिशातून पाचशेच्या सात नोटा काढल्या. ‘अडीनडीला असू देत म्हणून ठेवले होते.’ साडेतीन हजार रुपये! मुलगी ज्या खोलीत गल्ला फोडत होती त्याच खोलीत, तिच्यापासून चार हातांवर. तिला त्यांचा पत्ताच नव्हता.

तेव्हा ‘घरात किती ठेवावेत’ याच्याआधी मी दोन गोष्टी विचारते. ते कोणत्या नोटांत आहेत, आणि घरातल्या कुणाकुणाला ते कुठे आहेत हे ठाऊक आहे?

नोटांचे मी माझ्या आईकडून शिकले. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, वडील गिरणीत. पगार रोखीने यायचा आणि त्याच रात्री आई त्याच्या वाटण्या करायची: भाडे, वाणी, दूध, शाळा. या वाटण्यांखेरीज तांदळाच्या डब्याच्या तळाशी तिची एक पुरचुंडी असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी २४ वर्षांची होते, नोकरीच्या शोधात. संपाच्या दुसऱ्या महिन्यात आईने मला ती पुरचुंडी दाखवली. ६४० रुपये, सगळे एक, दोन आणि पाचच्या नोटांत. दर शनिवारी ती वाण्याला पाच रुपये नेऊन द्यायची. उधारी त्याहून कितीतरी जास्त होती, पण पाच रुपये आले की वाणी वही बंद करत नसे. तेच पैसे शंभराच्या सहा नोटांत असते तर एकेक नोट मोडताच संपली असती आणि आईला ते तीन-चार महिने पुरवता आले नसते. हे गणित तिला कुणी शिकवले नव्हते.

२६ जुलै २००५ ला, मंगळवारी, मी कुर्ल्याच्या शाखेत होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तोच दिवस. दुपारी शाखेत पाणी शिरले आणि आम्ही वरच्या मजल्यावर रात्र काढली. खाली तिजोरीत लाखो रुपये होते, पण ते बँकेचे. दुसऱ्या दिवशी चार जण सायनच्या दिशेने चालत निघालो. माझ्या पर्समध्ये पाचशेची एकच नोट. एका टपरीवर चहा आणि बिस्किटे होती. टपरीवाल्याने नोट पाहिली, हात जोडले आणि म्हणाला, ‘बाई, सुट्टे कुठून आणू? असेच घ्या.’ वाटेत लोक दारात पाणी आणि पोळ्या घेऊन उभे होते हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. तरी त्या टपरीवाल्याचे तीन चहा आणि दोन पुडे फुकट खाल्ल्याचे मला वाईट वाटत राहिले. शेवटी आमच्यातल्या शिपायाने खिशातून दहा-दहाच्या ओल्या नोटा काढल्या आणि पुढचा सगळा खर्च त्यानेच केला. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही शाखेत पंख्याखाली नोटा वाळवत होतो. आपल्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात. भिजल्या तरी लगेच फाटत नाहीत, पण एकमेकींना चिकटतात, आणि घाईने ओढल्या की तुकडे होतात. घरी नोटा भिजल्या तर ओढू नका. सुती कापडावर गड्डीच ठेवा, वरवरची नोट सुकेल तशी काढा.

तेव्हापासून बाहेर पडताना माझ्याजवळ काय असते ते सांगते. पाचशेची एक नोट, शंभराच्या तीन, पन्नासच्या चार, वीसच्या पाच आणि दहा रुपयांची पाच-सहा नाणी. साधारण साडेअकराशे रुपये. याचा हिशेब मी परतीच्या वाटेवरून मांडला आहे. मुलीचेच घ्या, तिचे ऑफिस लोअर परळला. लोकल बंद पडल्या तर टॅक्सीने भांडुप गाठायला पाचशेच्या आसपास लागतात आणि मध्यरात्रीनंतर त्यावर आणखी पाव भाग. त्यात एक वेळचे खाणे आणि एखाद्या गोळीचे पाकीट धरा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ज्यांच्या फोनची बॅटरी संपत आली होती त्यांना हा हिशेब करायला मी सांगायला नको. रोज बेस्टने जवळच्या जवळ जाणाऱ्याला तीनशेही पुरतील. विरार किंवा अंबरनाथहून येणाऱ्याने जास्त ठेवावेत. पण सगळे एका पाकिटात नकोत. गर्दीच्या लोकलमध्ये पाकीट गेले की फोन, कार्ड, पैसे सगळेच जाते. पाचशेची नोट मी डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते, ओळखपत्राच्या मागे.

आता घरातले. त्या शनिवारी रात्री मी मुलीच्या जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. आठवडाभर फोन आणि बँक दोन्ही बंद राहिले तर काय काय रोखीने द्यावे लागेल ते लिहिले. दूध, भाजी, कामवाल्या मावशींचा पगार, औषधे, रिक्षा, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागले तर तिथले सुरुवातीचे खर्च. दवाखान्याचे पूर्ण बिल रोखीने भरायचा विचारच करू नये, त्यासाठी विमा आणि कार्ड आहे. पण ॲम्ब्युलन्सवाला, बाहेरून आणायचे इंजेक्शन, रक्ताची तपासणी, सोबत बसलेल्या माणसाचा चहा-नाश्ता, हे सगळे पहिल्या दोन-तीन तासांत लागते. त्यांच्या घराला पंधरा हजार, असा आकडा निघाला. त्यातले दहा हजार पाचशेच्या वीस नोटांत. उरलेले पाच हजार असे: शंभराच्या तीस, पन्नासच्या वीस, वीसच्या तीस आणि दहाच्या चाळीस. हा आकडा भांडुपच्या त्या घराचा आहे. एकट्या राहणाऱ्या माझ्यासारखीला सहा हजार पुष्कळ झाले. घरात डायलिसिसचा किंवा इन्सुलिनचा रुग्ण असेल तर औषधाचा पंधरवड्याचा खर्च वेगळा धरावा.

हे पैसे दोन पाकिटांत, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, दोन वेगळ्या जागी आहेत. जागा तीन माणसांना ठाऊक आहेत: मुलगी, जावई आणि मी. खर्च झाले की पाकिटावरच्या चिठ्ठीवर तारीख आणि रक्कम लिहायची आणि पगार झाला की भरून ठेवायचे. पावसाळ्याआधी एकदा पाकिटे उघडून नोटा पालटायच्या, म्हणजे दमट होऊन चिकटत नाहीत. वाळवी, झुरळे आणि कपाटाच्या लाकडाचा ओलावा हे मी काउंटरवर इतके पाहिले आहे! कुरतडलेल्या नोटा घेऊन येणारी माणसे रडायच्या बेतात असत. फाटक्या नोटा बँकेला बदलून द्याव्या लागतात, पण किती तुकडा शिल्लक आहे त्यावर पूर्ण, अर्धे की काहीच नाही हे ठरते, आणि वाळवीने खाल्लेल्या नोटेचा बरेचदा चुराच हाती येतो.

याहून जास्त घरात ठेवू नका, हेही मी तितक्याच कळकळीने सांगते. घरात रोख किती असावी याला कायद्याने वरची मर्यादा नाही, पण ती कुठून आली हे सांगता आले पाहिजे. म्हणून बँकेतून काढल्याची नोंद पासबुकात असू द्या. दागिने घेताना ‘रोख द्या’ असे कुणी म्हणाले तर लक्षात ठेवा, एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे २०१७ पासून बंद आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. चोरी आणि आग यांचे मी काय सांगू. पण चोर न येताही पैसे जातात, हे मला माझ्या सासरच्या एका मावशींनी दाखवले. २०१९ साली त्या गेल्या आणि त्यांची गोधडी धुवायला काढली तेव्हा एक कोपरा जाड लागला. उसवला तर आत हजाराच्या २३ जुन्या नोटा. तोपर्यंत त्या कागद झाल्या होत्या, आणि अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणे हा २०१७ च्या कायद्याने गुन्हाही होता. मावशींनी ते पैसे कशासाठी शिवून ठेवले होते हे आम्हाला कधीच कळणार नाही.

नोटाबंदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लिहायचीच आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली आणि १० तारखेला बँका उघडल्या. माणशी ४,००० रुपये बदलून मिळत, बाकीचे खात्यात भरायचे. त्या आठवड्यात शनिवारी आणि रविवारीही आम्ही काउंटरवर होतो. एक साठीच्या बाई नवऱ्याबरोबर आल्या. त्यांनी रुमाल सोडला. पाचशेच्या २३ नोटा, प्रत्येक नोट घडीवर घडी घालून चिंचोक्याएवढी केलेली, हिंगाचा वास येणारी. यंत्रात घालण्याआधी मी एकेक नोट उलगडून तळहाताने सपाट करत होते. नवरा विचारत होता, ‘इतके आले कुठून?’ बाई माझ्या हातांकडे बघत होत्या, बोलल्या नाहीत. चार हजार बदलून दिले. उरलेले साडेसात हजार भरायला त्यांच्या नावावर खातेच नव्हते. मला ते नवऱ्याच्या खात्यात भरावे लागले. नियमाने ते बरोबर होते. मी स्लिपवर शिक्का मारला आणि त्या बाई पावती नवऱ्याच्या हातात देऊन निघून गेल्या.

म्हणून घरातल्या तिघांना माहीत असावे असे मी जे म्हणते, ते अडीनडीच्या पाकिटाविषयी. बाईने स्वतःसाठी साठवलेले पैसे ही वेगळी गोष्ट आहे. ते डब्यात, साडीच्या घडीत, गोधडीत राहू नयेत. तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात राहावेत. शून्य शिल्लक चालणारे खाते आता कुठल्याही बँकेत उघडता येते. वाचक भगिनींनो, हे उद्यावर ढकलू नका.

आणि शक्य असेल तर खाती दोन बँकांत असू द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढता येणार होते. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, पण पहिले आठवडे कुणाची फी अडली, कुणाचे ऑपरेशन. माझ्या थोरल्या बहिणीचे पेन्शन त्यात होते. तेव्हा ठेवींना एक लाखापर्यंतच विमा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला आहे. विम्याचे पैसे यायलाही वेळ लागतो. तेवढ्या काळात बहिणीचे घर घरातल्या पाकिटावर आणि माझ्या खात्यावर चालले.

आता बँकांना. निवृत्त झाले तरी ती मला माझीच माणसे वाटतात, म्हणून हक्काने लिहिते. मी सांगितलेली छोट्या नोटांची वाटणी करायला गेले की पहिली अडचण तुमच्या दारात येते. एटीएममधून पाचशेच निघतात. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की ३० सप्टेंबरपर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कॅसेटमधून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. आमच्या नाक्यावरच्या यंत्रातून मला अजून बहुतेक वेळा पाचशेच मिळतात. मग काउंटरवर जावे तर ‘सुट्टे नाहीत, उद्या या.’ मुलीसाठी दहा आणि वीसच्या नोटा आणायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि मला तरी आत कुणाला काय म्हणायचे ते कळते. काठी टेकत येणाऱ्या आजोबांनी काय करावे? सर्व किमतींच्या चांगल्या नोटा आणि नाणी मागेल त्याला देणे, मळक्या-फाटक्या बदलून देणे हे प्रत्येक शाखेचे काम आहे. दर आठवड्याला एक वार ठरवा, दाराशी पाटी लावा की या दिवशी दहा, वीस आणि पन्नासची पाकिटे मिळतील. एका पाकिटात शंभर नोटा असतात, म्हणजे दहाचे पूर्ण पाकीट एक हजाराचे. साध्या घराला एवढ्याची गरज नसते. पाकीट फोडून चाळीस नोटा मोजून द्यायला रोखपालाला एक मिनिट लागते. मी २६ वर्षे तेच केले आहे.

नातवाला नवा गल्ला आणला आहे. त्याचे ३४० रुपये आईने परत करायचे ठरले. ती नोटा द्यायला गेली तर त्याने घेतल्या नाहीत, त्याला नाणीच हवी होती. ती मी पुढच्या सोमवारी बँकेतून आणणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल, चिंचपोकळी, मुंबई